आईचे ओझे कोणाचे?

मनुष्यावर संकट आले म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उद्भवतो, तो "यास साह्य कसे करावे?" हा नव्हे, तर "हे कोणाच्या दोषाने झाले?" हा होय. घर जळाले तर हा प्रश्न निदान विस्तव विझेपर्यंत तरी थांबतो. परंतु एखाद्या घरचे मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली असता वळून पाहत नाही, किंवा वरचेवर आजारी पडते, असे दिसले म्हणजे तो क्षणभरही थांबत नाही. त्याचे उत्तर शोधण्यास गावाला दूर जावेही लागत नाही. उत्तर चुलीपाशीच बसलेले असते. ते म्हणजे त्या मुलाची आई.

कोणी म्हणते, ती गरोदर असता ग्रहणात बाहेर पडली. कोणी म्हणते, तिला कोणाची नजर लागली. कोणी करणीचे नाव घेते, आणि मग भगताचा अंगारा व बोकडाचा नवस यांत मजुरीचे पैसे जातात. आपण ख्रिस्ती लोकांनी ग्रहण व करणी सोडून दिली, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांच्या जागी दुसरेच एक वाक्य आपल्यांत रुजले आहे. ते असे की, "तिचा विश्वास उणा पडला, मनापासून प्रार्थना केली असती, तर लेकरू बरे झाले असते." धोंडा मारणारा हात बदलला, इतकेच. ज्या बाईच्या मस्तकावर तो पडतो ती बदलली नाही.

यास्तव दोन गोष्टींचा विचार करावा, असा या लेखात आमचा हेतू आहे. असा दोष आईस देणे खरे आहे काय? आणि दोष तिचा नसेल, तर ते ओझे वाहण्याचे कर्तव्य कोणाचे?

पहिल्या प्रश्नाचा निकाल शास्त्रात फार पूर्वी लागला आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध मनुष्याची गोष्ट आहे. त्यास पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला की, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली आणि लागलीच त्या मनुष्यासाठी काम करण्यास आरंभ केला. या गोष्टीवर आम्ही पुष्कळ उपदेश ऐकले आहेत व केलेही आहेत. तथापि उपासना संपवून घरी जाताना वाटेत तेच शिष्यांचे जुने प्रश्न आपल्या तोंडी असतात, हे कबूल केले पाहिजे.

हा दोष केवळ अडाणी लोकांचा आहे, असेही कोणी समजू नये. मोठमोठ्या विद्वानांच्या हातून तो घडला आहे. ज्या मुलांचे मन स्वतःतच रमते, ज्यांस बोलणे व इतरांचा भाव ओळखणे कठीण जाते, त्यांच्या त्या स्थितीस स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी व इतरांनी असे लिहिले की, या मुलांचे आईबाप मायेने थंड असतात. त्यातून, आईच्या अंतःकरणात ऊब नाही म्हणून मूल असे झाले, हे मत पसरले आणि अशा मातांस शीतकपाटाची उपमा मिळाली. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी मोठा ग्रंथ लिहून हेच मत लोकप्रिय केले. वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्या बाईला रात्र रात्र झोप नाही, जी मुलास खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती, तिला विद्येच्या नावाने सांगण्यात येत होते की, तुझ्या मायेत खोट आहे.

हे मत खोडून काढण्याच्या कामी पुढे आलेल्यांत एक बाप होता. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ अशाच एका मुलाचे पिता होते. १९६४ साली त्यांनी ग्रंथ लिहून दाखविले की, या स्थितीचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागणुकीत नाही. १९६९ साली स्वतः कॅनर यांनी आईबापांच्या सभेत उभे राहून त्यांस दोषमुक्त केले. १९७७ साली फोल्स्टाइन व रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न होते; भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. ही घडण बहुतांशी रक्तातून, म्हणजे आनुवंशिक रीतीने येते, हे त्यानंतरच्या पुष्कळ शोधांनी दृढ झाले आहे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. नंदुरबार व गडचिरोली या भागांत, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया इत्यादी समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाच्या हातापायांत व पोटात असह्य कळा येतात. हा आजार मुलास होण्यास आई व बाप या दोघांकडूनही सदोष अंश यावा लागतो. एकट्या आईकडून आल्याने आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणी चारांत एक इतका आजाराचा संभव असतो. असे असून, "हिच्या पोटी असलेच निपजते" म्हणून सुनेस माहेरी धाडणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ज्याने निम्मा वाटा दिला तो पारावर बसतो, आणि जिने निम्माच दिला तिला सर्व कर्जाची पावती लिहून द्यावी लागते! हा न्याय नव्हे. आईस दोष देणे खोटे आहे, आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याविषयीची आज्ञा आपण सर्वांनी पाठ केली आहे.

येथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. दुसरा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, आणि त्या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो, ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या मंडळीत एक भगिनी आहे. तिचा मुलगा त्या वेळी आठ वर्षांचा होता. तो बोलत नसे. मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवून ओरडत असे. एका रविवारी मातेच्या प्रीतीवर उपदेश करताना आम्ही तिचे उदाहरण दिले. तिची सहनशीलता, तिची रात्रंदिवसाची सेवा, तिचे न कुरकुरणे, या सर्वांचे आम्ही मनापासून वर्णन केले. लोकांनी माना डोलावल्या. कित्येकांनी डोळे पुसले. उपासना संपल्यावर ती मंदिराच्या पायरीवर भेटली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही माझं लई कौतुक केलंत. पण ते मी आत बसून नाही ऐकलं, हितं पायरीवर उभी राहून ऐकलं. पोरगं ओरडाया लागलं, तवा मला बाहेर यावं लागलं. आत एवढी माणसं होती. एकानंबी म्हटलं नाही, की बाई, आण, जरा मी धरतो. तीन वर्सं झाली, प्रभुभोजनाला मी शेवटपर्यंत बसले नाही."

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून आम्हांस कळले की, दोष देणे व वाखाणणे ही दिसण्यात परस्परविरुद्ध असली, तरी पुष्कळ वेळा दोहोंचा परिणाम एकच होतो. दोष देणारा म्हणतो, "हिचेच पाप, हिनेच भोगावे." वाखाणणारा म्हणतो, "ही माउली धन्य, हिलाच हे साधते." दोघेही आपल्या वाटेने निघून जातात, आणि ओझे जेथे होते तेथेच राहते. आईस देवतेच्या जागी बसविले म्हणजे तिच्या पाठदुखीची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही. अशा स्तुतीत आळस दडलेला असतो. आमच्याही स्तुतीत तो होता.

कोणी म्हणेल, "आईनेच मुलाचे करावयाचे, हा सृष्टीचा नियम आहे. प्रत्येकाने आपले ओझे वाहावे, असे शास्त्रच सांगते." होय, गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात तसा बोध आहे. परंतु त्याच अध्यायात, अवघ्या तीन वचनांपूर्वी, एकमेकांचे भार वाहण्याची आज्ञा आहे. मग यांपैकी कोणते पाळावे? सेमिनरीत शिकताना आम्हांस दाखविण्यात आले की, मूळ ग्रीक भाषेत या दोन ठिकाणी दोन निरनिराळे शब्द आहेत. एक शब्द वाटसरूच्या पाठीवरील गाठोड्याचा आहे, जे ज्याचे त्याने वागवावयाचे असते. दुसरा शब्द जड भाराचा आहे, ज्याखाली मनुष्य दबून जाते. मुलास न्हाऊ घालणे, भरविणे, शिस्त लावणे हे आईबापांचे गाठोडे आहे. ते दुसऱ्यावर टाकावे असे कोणीही आई म्हणत नाही. परंतु जे मूल रात्री दोन तास झोपते, ज्याला क्षणभर नजरेआड करता येत नाही, ज्याच्या रक्तासाठी महिन्यात तीनदा जिल्ह्याच्या गावी जावे लागते, त्याचा सांभाळ गाठोड्यात मावत नाही. तो भार आहे. आणि भाराच्या बाबतीत प्रश्न "कोणाचा?" हा नसून "कोण कोण हात लावणार?" हा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कित्येक घरी आई स्वतःच दुखणेकरी असते. संधिवाताने बोटे वाकलेली, मधुमेहाने पायास जखम झालेली. पण ती दवाखान्यात जात नाही, कारण तितका वेळ मुलाजवळ बसण्यास कोणी नाही. तिचे दुखणे ती लपविते, आणि आपण त्यास धीर म्हणतो. अशी आई एके दिवशी अंथरुणास खिळली, तर मूलही तिच्याबरोबर खिळते. म्हणून आईची काळजी घेणे हे मुलाच्या काळजीहून वेगळे काम नव्हे.

मग काय करावे? मार्ककृत शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्य आपणांस आठवतो. त्यास चौघांनी बाजेवर उचलून आणले, आणि दार गर्दीने बंद झाले तेव्हा छप्पर उसकटले. त्या चौघांची नावे शास्त्रात नाहीत. त्यांनी रोग्यास बरे केले नाही. ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी एकेक कोपरा धरला, एवढेच. मंडळीनेही तितकेच करावयाचे आहे.

पहिला कोपरा जिभेचा. "कोणामुळे झाले?" हे विचारणे बंद करावे. भेटीस जाणाऱ्याने उपचारांची यादी सांगू नये, दुसऱ्याचे मूल प्रार्थनेने कसे बरे झाले ही गोष्ट सांगू नये. प्रार्थना अवश्य करावी. परंतु मूल बरे न झाल्यास तो आईच्या विश्वासाचा पुरावा समजू नये. "आज तुला झोप मिळाली काय?" हा प्रश्न पुष्कळ उपदेशांहून बरा.

दुसरा कोपरा वेळेचा. "काही लागले तर सांग" असे म्हणणे सोपे आहे, पण गरजवंत मनुष्य सहसा सांगत नाही. "बुधवारी तिसऱ्या प्रहरी दोन तास मी बसेन" असे म्हणणे हे साह्य होय. कोणी म्हणेल, आम्ही मजुरीला जाणारे, वेळ कोठून आणावा? चौघांत वाटला तर महिन्यास एकाच्या वाट्यास एकच पाळी येते. कोणी म्हणेल, आम्हांस त्यातले ज्ञान नाही. त्यांस गोव्यातील एक हकिकत सांगतो. तेथे १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने, तसेच पाकिस्तानातील रावळपिंडी येथील कार्यकर्त्यांनी, स्वमग्न मुलांच्या ६५ कुटुंबांत एक प्रयोग केला; त्याचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला. साह्य करणारे डॉक्टर नव्हते. थोडे शिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. ते घरी जात, आई मुलाशी खेळत असता त्याचे चित्रण करीत, आणि मग ते तिच्यासोबत पाहून मुलाची बारीकशी खूण कोठे होती व तीस प्रतिसाद कसा द्यावा, हे दाखवीत. सहा महिन्यांत अशा बारा भेटी योजल्या होत्या. त्यायोगे आईबापांचे मुलाच्या कलाने वागणे वाढले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद करू लागली. जे साधा सेवक शिकून करू शकतो, ते उपदेशक व बायबल बाई यांस शिकता येणार नाही, असे आम्ही मानीत नाही.

तिसरा कोपरा कागदाचा, आणि हा उपदेशकांनी धरावा, कारण त्यांस लिहिता-वाचता येते व कचेरीत उभे राहण्याचा संकोच नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या आहेत. १९९५ च्या कायद्यात त्या ७ होत्या. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, तसेच सिकलसेल, थॅलेसीमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार या नव्या यादीत आहेत. शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र व दिव्यांगाचे ओळखपत्र मिळाले म्हणजे पुढील पुष्कळ दारे उघडतात. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतची मुले तपासतात. त्या दिवशी मूल घरी लपवून ठेवू नये. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. लग्नापूर्वी दोघांनी रक्त तपासून घ्यावे, हे पाळकांनी विवाहाची सूचना वाचण्यापूर्वीच सांगावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध अक्षमता असणाऱ्यांसाठी निरामय नावाची विमा योजना असून तीत वर्षास एक लक्ष रुपयांपर्यंत उपचारखर्चाची सोय आहे. याच कायद्याखाली मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्यास कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्ह्याची स्थानिक समिती करते. "माझ्यामागे याचे कोण?" ह्या ज्या प्रश्नाने आईचा डोळा लागत नाही, त्याचे अर्धे उत्तर त्या कागदात आहे. उरलेले अर्धे, पालक म्हणून आपले नाव देण्यास तयार असणाऱ्या मनुष्यात आहे. आणि आईचे स्वतःचे मन खचले, तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसचे समुपदेशक फुकट बोलतात, हेही तिला सांगावे.

चौथा कोपरा जागेचा. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापिली. त्यांच्या कन्येस मेंदूचा पक्षाघात होता, आणि अशा मुलांस शिकविणारी शाळा त्यांस मिळेना. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ यांनी अॅक्शन फॉर ऑटिझम ही संस्था काढली. त्याही स्वमग्न मुलाच्या माता. या बायांचे कार्य थोर आहे. परंतु त्यातून एक लज्जास्पद गोष्टही दिसते. जागा नव्हती म्हणून आईलाच ती बांधावी लागली. खेड्यातील आईस संस्था बांधता येणार नाही. तिला निदान मंदिरात एक कोपरा, शाळेत एक बाक आणि लग्नाच्या पंगतीत एक पान मिळावे. मूल ओरडले तर उपासना भ्रष्ट होते असे ज्यांस वाटते त्यांनी हे आठवावे की, छप्पर उसकटले तेव्हाही वरून माती पडली असेल, आणि उपदेश थांबला असेल.

आमच्या मंडळीत पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. मुलगा बरा झाला नाही. तो अजून बोलत नाही. आरंभी ज्या तरुणाने त्यास सांभाळण्याचे पत्करले, त्याच्या हातास मुलाने चावा घेतला आणि तो तरुण पुन्हा आला नाही. त्यास आम्ही दोष देत नाही. नंतर एक सेवानिवृत्त शिक्षक व दोन भगिनी यांनी पाळी लावून घेतली. त्या शिक्षकांच्या ध्यानात आले की, चिंचोके हाती दिले तर मुलगा ते तासभर ओळीने मांडीत बसतो, आणि ढोलकी वाजण्यापूर्वी त्यास बाहेर नेले तर ओरडत नाही. हे आठ वर्षांत कोणास ठाऊक नव्हते असे नाही. त्याच्या आईस ठाऊक होते. तिला कोणी विचारलेच नव्हते.

मागच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ती भगिनी आरंभापासून शेवटपर्यंत आत बसली होती. आम्ही व्यासपीठावरून तिचे नाव घेतले नाही. मंदिराच्या पायरीवर ते वृद्ध शिक्षक बसले होते आणि त्यांच्यापुढे चिंचोक्यांची एक लांब ओळ होती.

वाचकहो, तुमच्याही मंडळीच्या पायरीवर कोणी उभी असेल. येत्या रविवारी आत जाण्यापूर्वी जरा पाहा.